बाँडसाहेबांचा सोबती

सिमरोलात राहून जेम्स बाँडची भक्ती करणे ही गोष्ट जरा चमत्कारिक वाटेल, याची आम्हांस कल्पना आहे. इंदूरहून खंडव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर पंचवीसेक किलोमीटरांवर आमचे हे गाव. ओंकारेश्वरला निघालेले यात्रेकरू घाट उतरण्यापूर्वी येथे चहापुरते थांबतात, आणि २००९ साली स्थापन झालेल्या आयआयटीचे विस्तीर्ण आवार येथे उभे राहिल्यापासून देशभरची हुशार पोरेही थांबू लागली आहेत. परंतु हेर म्हणून कोणी थांबल्याचे ऐकिवात नाही. अर्थात थांबला असेल आणि खरा हेर असेल, तर आमच्या ऐकिवात येणारच कसा, असा प्रश्न आमच्या पुतण्याने काढला आहे. हा प्रश्न जितका वात्रट तितकाच मर्मावर बोट ठेवणारा आहे.

'डॉक्टर नो' १९६२ साली आला आणि 'नो टाइम टू डाय' २०२१ साली. या एकाच मालिकेतील पंचवीसही चित्रपट आमच्या घरात पाहून झाले आहेत, आणि काही इतक्या वेळा की, खलनायकाच्या आधी आम्हीच त्याचा बेत सांगू लागतो. तथापि घरातील सर्वांचे ज्यावर एकमत होते तो चित्रपट एकच : १९८३ सालचा 'ऑक्टोपसी'. जाणकार त्याला या मालिकेतील पहिल्या रांगेत बसवीत नाहीत, हे आम्ही जाणून आहोत. पण जो पाहुणा प्रत्यक्ष आपल्या बाजूला येऊन गेला, त्याचे गुणदोष कोण काढीत बसतो? इयान फ्लेमिंगच्या १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या मूळ कथेत हिंदुस्थानचा मागमूस नाही. ती घडते जमैकात. चित्रपटवाल्यांनी मात्र बाँडला थेट उदयपूरला आणून सोडले. उदयपूर म्हणजे माळव्याचा शेजार. मल्हारराव होळकरांनी राजपुतान्यातील वारशाच्या भांडणांत लक्ष घातले, ते बाँडच्या दोनशेहून अधिक वर्षे आधी. तेव्हा त्या मुलखात बाहेरून येऊन उलाढाली करण्याचा पहिला मान आमच्याकडेच जातो, हे नमूद करून पुढे जातो.

बाँडच्या भक्तांना सर्वांत प्रिय असलेला क्षण म्हणजे त्याचे स्वतःचे नाव सांगणे. आधी आडनाव, मग क्षणभर विश्रांती, मग पूर्ण नाव. शॉन कॉनरीने पहिल्याच चित्रपटात पत्त्यांच्या टेबलावर सिगारेट पेटवीत ही पद्धत पाडली आणि पुढल्या सर्वांनी ती कुळाचारासारखी पाळली. गुप्तहेराने ओळख सांगत फिरावे, आणि तीही खरी, ही कल्पनाच मुळी साहेबी आहे. सिमरोलच्या बसथांब्यावर हा गृहस्थ उतरला असता तर काय झाले असते, याचा आम्ही पुष्कळ विचार केला आहे. समोर आमच्या काकू भाजीची पिशवी घेऊन उभ्या आहेत असे समजा.

"बाँड. जेम्स बाँड."

"बोंडे? अगबाई! अमरावतीचे का? आमच्या नणंदेच्या जावेचं माहेर बोंड्यांचंच. भाऊरावांचे कोण तुम्ही?"

येथे 'वॉल्थर' पिस्तूल निरुपयोगी आहे. पुढल्या पाच मिनिटांत त्याचे मूळ गाव, पगार, लग्न झाले की नाही, नसल्यास का नाही, हे सर्व बाहेर आले असते. रशियाच्या जनरल ऑर्लोव्हला जे सबंध चित्रपटभर साधले नाही ते काकूंनी पोहे परतता परतता साधले असते. मुंबई-पुण्याच्या लोकांना हे अतिशयोक्त वाटेल. पण प्रांताबाहेर चार-सहा पिढ्या काढलेल्या आम्हां मंडळींना मराठी बोलणारा अनोळखी माणूस दिसला की, त्याचे नाते काढल्याखेरीज चैन पडत नाही. एखादे गाव मिळते, एखादे आडनाव जुळते, आणि मग तो माणूस सुटत नाही.

खलनायकांविषयी तर बोलायलाच नको. बाँड हाती सापडला की, ते त्याला मारीत नाहीत, भाषण करतात. 'गोल्डफिंगर'मध्ये (१९६४) त्याला टेबलाला बांधून लेसरचा किरण पायांच्या मधून वर सरकत येतो, तेव्हाही संभाषण चालूच. आमच्या मराठी मंडळींच्या सभांमधून अध्यक्षीय समारोप ऐकण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्यांना या प्रकाराचे नवल वाटत नाही. बोलण्याची संधी मिळालेला माणूस शत्रू पळून गेला तरी खाली बसत नाही, हा अनुभव सार्वत्रिक आहे.

आता 'ऑक्टोपसी'कडे वळू. पडद्यावर ताजमहाल दिसतो न दिसतो तोच उदयपूरचा तलाव येतो. हे अंतर बाँड ज्या वेगाने कापतो, त्या वेगाने आमची गाडी रतलामचे फलाटही सोडीत नाही. घाटावर एक गारुडी पुंगी वाजवीत बसलेला आहे आणि पुंगीतून चक्क बाँडच्याच चित्रपटांची सुरावट निघते. ही खूण. गारुड्याच्या वेषात आहे विजय अमृतराज, आपला टेनिसपटू, ज्याने १९७३ साली विम्बल्डनच्या उपान्त्यपूर्व फेरीपर्यंत मजल मारली होती. त्याच्या पात्राचे नावही विजयच ठेवलेले आहे. गारुड्याचे सोंग घेतलेला हा हेर सापांना भिणारा आहे, हे कळते तेव्हा आमच्या घरी पहिला हशा पिकतो.

मग तो प्रसिद्ध रिक्षाचा पाठलाग. सर्व बाँडपटांतून आलिशान मोटारी धावतात. येथे धावते तीन चाकांची रिक्षा, आणि ती चालवितो विजय. शत्रू जवळ आला की, तो टेनिसची रॅकेट काढून त्याच्या टाळक्यात हाणतो, आणि दोन्ही बाजूंचे बघे विम्बल्डनच्या प्रेक्षकांप्रमाणे मान डावीकडून उजवीकडे व उजवीकडून डावीकडे फिरवितात. रस्त्यात तलवार गिळणारा आहे, खिळ्यांच्या शय्येवर झोपणारा आहे, निखाऱ्यांवरून चालणारा आहे, उंट तर आहेच. एकाच गल्लीत एवढा ऐवज आम्हांला आयुष्यभर हिंडून दिसला नाही. इंदुरात सराफ्याला रात्री दहानंतर जी गर्दी उसळते तिच्यात याच्या चौपट गोंधळ असतो; पण तो सगळा भुट्ट्याच्या किसासाठी व गराडूसाठी, खिळ्यांवर निजण्यासाठी नव्हे. बाँड जुगारात जिंकलेल्या नोटा हवेत उधळतो, लोक त्या वेचायला धावतात आणि पाठलाग करणारे अडकतात. याच चित्रपटात जिंकलेल्या पैशांतून काही आपल्या हिंदी सोबत्याच्या हाती देताना, यात तुझे काही आठवडे कालवणाचे भागेल, अशा अर्थाची कोटी तो करतो. आम्ही हसतो. पण ते हसू आणि उसाचा रस यांत एक साम्य आहे : प्यायल्यावर घशाशी काहीतरी राहते.

शिकारीच्या प्रसंगात समोर वाघ येतो. बाँड त्याला बोट दाखवून बसायला सांगतो आणि वाघ बसतो. हे दृश्य आम्ही बिनघोर हसून पाहत असू. पुढे २०२३ च्या मे महिन्यात महूच्या लष्करी वॉर कॉलेजच्या आवारात खराखुरा वाघ कॅमेऱ्यात दिसला, आणि नंतर महूकडच्या एका खेड्यात वाघाच्या हल्ल्यात एक वृद्ध गेले. महू आमच्यापासून फार दूर नाही. ते जंगल आणि आमचे जंगल यांच्यामध्ये वाघाला विचारात घ्यावी लागेल अशी कुठलीच सीमा नाही. त्यानंतर ते दृश्य लागले की, हसू येते. पण जरा उशिराने येते.

हा पाठलाग आमच्या भेरूघाटात झाला असता तर? ॲस्टन मार्टिन गाडी पहिल्या वळणावरच कांद्याच्या ट्रकमागे उभी राहिली असती. शत्रूची गाडी तिच्यामागे, त्यामागे ओंकारेश्वरची बस, बसमधील आजीबाई खिडकीतून दोघांनाही केळी देत आहेत. अलीकडे रस्ता चौपदरी करण्यासाठी डोंगर पोखरून बोगदे काढण्यात आले आहेत, त्यामुळे घाटाचे हे वैभव आठवणीतच शिल्लक राहणार. आगगाडीच्या टपावरील मारामारी मात्र अजूनही सुखाने व्हावी अशी जागा आमच्याकडे आहे. पाताळपाणी ते कालाकुंड या जुन्या मीटरगेज मार्गावर २०१८ साली वारसागाडी सुरू झाली. डोंगराच्या कडेकडेने, धबधब्याशेजारून ती ज्या संथपणे उतरते, त्या गतीने बाँडला टपावरून खाली उतरून, कालाकुंड स्थानकावरचा प्रसिद्ध कलाकंद पानावर घेऊन, सुट्टे पैसे मोजून पुन्हा टपावर चढता आले असते. 'ऑक्टोपसी'तील गाडी दाखविली आहे पूर्व जर्मनीची आणि चित्रित झाली इंग्लंडात, पीटरबरोजवळच्या नीन व्हॅली रेल्वेवर. 'स्कायफॉल'मधील (२०१२) गाडीवरचा झगडा भारतात चित्रित करण्याचे घाटत होते, तोही अखेर तुर्कस्तानात गेला. कालाकुंडचा कलाकंद या लोकांच्या नशिबी नव्हता, एवढेच आम्ही म्हणतो.

आपल्या हिंदी हेरांचे थोडक्यात सांगतो. गिरगावच्या चाळीत वाढलेल्या जितेंद्रचा 'फर्ज' (१९६७), मिथुन चक्रवर्तीचा गनमास्टर जी-९ झालेले 'सुरक्षा' (१९७९) आणि 'वारदात' (१९८१), आणि १९६५ साली आमच्या इंदुरातच जन्मलेल्या सलमान खानची २०१२ पासूनची टायगरमालिका, हे सर्व आम्ही पाहिले आहे. हे हेर गातात. भर बाजारात गाणारा हेर पकडला जात नाही, याचे कारण शत्रूही बहुधा कोरसमध्ये असतो. त्याआधीच्या पिढीसाठी बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळा पहाड होतेच. अर्नाळकरांनी अशा कथा हजारावर लिहिल्या, आणि महाराष्ट्राबाहेरच्या मराठी वाचनालयांतूनही त्या हातोहात फिरून फाटल्या.

बाँडपट सहकुटुंब पाहण्यात एक अडचण असे, ती सुज्ञ वाचकांच्या ध्यानात आलीच असेल. प्रणयप्रसंग आला की, आमच्या घरी कोणाला तरी तहान लागे. वडीलधारे "पाणी आणतो" म्हणून उठत आणि माठाशी अंदाजाने वेळ काढून परतत. २०१५ साली 'स्पेक्टर' आला तेव्हा आपल्या परिनिरीक्षण मंडळाने त्यातील चुंबनांची लांबी निम्म्यावर आणली. त्यावर देशभर थट्टा झाली. आमच्या घरी मात्र, आता अर्धा पेला पुरेल, एवढाच निष्कर्ष निघाला.

या पाणी आणण्याच्या रिवाजाला काका अपवाद होते. चुंबन असो, काही असो, ते खुर्चीतून हलत नसत. ते उठत ते 'ऑक्टोपसी'त एकाच जागी, आणि त्या जागेसाठी आम्ही हा सारा प्रपंच मांडला आहे.

विजय मरतो. रात्री तलावाकाठी तो बाँडसाठी नाव राखीत असताना मारेकरी येतात. रॅकेटने तो दोघाचौघांना लोळवितो. मग दोरीला बांधलेल्या करवतीच्या चकतीने त्याचा घात होतो. तासाभरापूर्वी ज्याने आम्हांला पोट धरून हसविले तो असा जातो, आणि चित्रपट पुढे सरकतो. सर्कस येते, बाँब येतो, बाँड विदूषकाचा वेष घेतो, गरम हवेच्या फुग्यातून पुन्हा उदयपुरी उतरतो. शेवटच्या प्रसंगात बाँड नायिकेसह नौकेवर विसावलेला असतो. विजयचे नाव तेथे कोणी काढीत नाही.

एकदा हे ध्यानात आल्यावर आम्ही मालिका पुन्हा पहिल्यापासून लावली. 'डॉक्टर नो'मध्ये जमैकाचा नावाडी क्वारल बाँडला बेटावर नेतो. तो जळून मरतो. 'फ्रॉम रशिया विथ लव्ह'मध्ये (१९६३) इस्तंबूलचा दिलदार करीम बे त्याला गाडीत बसवून देतो; तो गाडीतच मारला जातो. 'यू ओन्ली लिव्ह ट्वाइस'मध्ये (१९६७) जपानची अकी त्याच्या शेजारी झोपेत विष ओठांवर ठिबकून जाते. विष त्याच्यासाठी असते. ज्याला गावाची भाषा येते, गल्ल्या ठाऊक असतात, नाव कोठे लावावी हे कळते, त्याचे आयुष्य बाँडची भेट झाली की, मोजके उरते. बाँडला मारण्याचा परवाना आहे म्हणतात. त्याच्या सोबत्यांना कोणता परवाना दिलेला आहे हे पाहण्यासारखे आहे.

बरे, समोरच्या पक्षाकडे तरी काय? कमाल खानाचा अंगरक्षक गोबिंदा, म्हणजे आपला कबीर बेदी. हाताच्या मुठीत जुगाराचे फासे चुरडून त्यांचे पीठ करणारा हा आडदांड माणूस. शेवटी विमान आकाशात, बाँड विमानाच्या पाठीवर, आणि आत सुरक्षित बसलेले धनी फर्मावतात की, बाहेर जा आणि त्याला आण. गोबिंदाच्या चेहऱ्यावर एक क्षण जे उमटते ते कबीर बेदीने फार सुरेख दाखविले आहे : हा हुकूम वेडा आहे हे त्याला कळलेले आहे. तरी तो जातो. उडत्या विमानाच्या टपावर, पगडी सांभाळीत. आमच्या घरी या जागी अजूनही मोठा हशा होतो आणि आम्ही त्यात सामील असतो. पण हिशेब मांडला तर दोन्ही बाजूंची आपली माणसे धन्याच्या कामी खर्ची पडली, आणि कोणाचीच बाकी निघाली नाही.

काका लष्कराच्या सिग्नल विभागात होते. महूला दूरसंचाराचे लष्करी महाविद्यालय आहे, तेथे शिकून गेले आणि निवृत्त होऊन सिमरोलास घर बांधून राहिले. १९७१ च्या युद्धात ते कोठे होते हे घरात कोणास ठाऊक नाही. पत्रावर गावाऐवजी '५६ एपीओ' एवढाच पत्ता असे. त्या पत्त्यावरून सियालकोट की सिल्हेट काहीच उलगडत नसे, आणि तो त्यासाठीच असे. त्यांनी पुढेही कधी काही सांगितले नाही. बाँडपट लागला की, ते मनापासून हसत, विशेषतः क्यू साहेबांची यंत्रे पाहून. विजय नावेशी एकटा उभा राहिला की, उठत आणि माठाशी जात. चकतीचा आवाज थांबल्यावर परत येत. असे आम्ही किती वेळा पाहिले असेल! "काका, हेच बघायचं असतं," असे पुतण्या लहानपणी ओरडे. ते पाण्याचा पेला त्याच्या हाती देत व पुन्हा खुर्चीत बसत.

आपल्याकडे हेराला जासूद म्हणत, आणि पत्र पोहोचविणाऱ्यालाही जासूदच म्हणत. पेशवाईच्या पत्रव्यवहारात 'जासूद जोडी' हा शब्द वारंवार भेटतो. माणसे दोन पाठवीत. एक वाटेत पडला तर दुसऱ्याने कागद पोहोचता करावा. थोरला कोण आणि सोबती कोण, हा भेद त्या शब्दात नाही. बहिर्जी नाईकांविषयी लोकांनी पुष्कळ कथा रचल्या आहेत. बखरीत मात्र त्यांच्या वाट्याला थोड्याच ओळी येतात. सुरतेची बातमी त्यांनी आणली आणि १६६४ साली सुरत लुटली गेली. १६७९ साली जालना मारून परतताना मोगलांनी गाठले, तेव्हा महाराजांना व लष्कराला आडवाटेने पट्टा किल्ल्यावर सुखरूप नेले तेही त्यांनीच. चेहरा कसा होता, आवाज कसा होता, हे कोणी लिहून ठेवलेले नाही. त्यांना स्वतःचे नाव आडनावासकट दोनदा सांगण्याचा प्रसंग कधी आला नसावा. बाँडला वाट दाखविणारा दरवेळी दुसरा असतो. येथे वाट दाखविणारा हाच हेर होता, म्हणून तो जगला.

काका गेल्याला आता काही वर्षे झाली. 'ऑक्टोपसी' अजून लागतो; दिवाळीत सगळे जमले की, लागतोच. काकू स्वयंपाकघरातून हात पुसत येतात, त्या बरोबर रिक्षाच्या पाठलागाच्या वेळी. तलावाकाठचा प्रसंग त्या बसून पूर्ण पाहतात. मग प्रत्येक वेळी तोच प्रश्न विचारतात :

"त्याच्या घरी कोणी कळवलं का रे?"

पुतणा आता मोठा झाला आहे, वात्रटपणा करीत नाही. आम्ही पंचवीस चित्रपट त्या दृष्टीने तपासले. क्वारलच्या घरी, करीम बेच्या मुलांना, अकीच्या माणसांना कोणी काय कळविले, हे पडद्यावर येत नाही. मराठी राज्यात लढाईत पडलेल्याच्या मुलाबाळांना 'बालपरवेशी' म्हणून नेमणूक करून देण्याची चाल होती, आणि दप्तरांत तशा नोंदी आहेत : अमका अमक्या ठिकाणी कामास आला, मुलगा लहान, सबब इतके द्यावे. हे आम्ही काकूंना वाचून दाखविले. त्यांनी ते लक्षपूर्वक ऐकले, आणि विचारले, "आणि बायकोला कोणी सांगितलं?"

पडद्यावर तोवर सर्कशीचा तंबू उभा राहिला होता. पुतण्याने आवाज कमी केला.